भूमिकेच्या खेळांतील शेती व स्वयंपाक : नालवाडी-सेवाग्रामच्या प्रयोगांच्या संदर्भात एक विवेचन

(१) प्रश्नाचे स्वरूप

खेळणाऱ्याने एखादे पात्र स्वीकारावे, त्या पात्राच्या वतीने निर्णय घ्यावेत आणि त्या निर्णयांच्या योगाने पात्राचे बल, कौशल्य व साधनसंपत्ती क्रमाक्रमाने वाढत जावी, अशी ज्यांची रचना असते त्या खेळांस इंग्रजीतून आलेल्या नावाने ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. मराठीत त्यांस ‘भूमिकेचे खेळ’ म्हणणे सोयीचे होईल. या खेळांत पात्राचे बल वाढविण्याचा रूढ मार्ग युद्धाचा होता. शत्रू मारावा, अनुभवाचे गुण मिळवावे आणि वरच्या पायरीवर चढावे, असा तो क्रम. गेल्या तीसएक वर्षांत मात्र याच खेळांत एक निराळी शाखा वाढीस लागली. तिच्यात पात्र जमीन कसते, पेरते, पाणी देते, कापणी करते, आलेले धान्य व भाजीपाला शिजवते. आणि ते खाऊन बलवान होते.

या रचनेकडे केवळ करमणुकीचा प्रकार म्हणून पाहणे पुरेसे नाही. शेतीने आणि स्वयंपाकाने माणूस घडतो काय, घडत असल्यास कोणत्या नियमाने घडतो, आणि ती घडण मोजता येते काय, हे शिक्षणशास्त्रातील जुने प्रश्न आहेत. महाराष्ट्रात त्यांचा सर्वांत आग्रही विचार वर्ध्याच्या परिसरात झाला. वर्धा शहराला लागून असलेली नालवाडी, शहरातील मगनवाडी, आणि जवळची सेवाग्राम व पवनार ही गावे, एवढ्या लहानशा टापूत १९३२ ते १९५१ या काळात श्रम, आहार व शिक्षण यांच्या परस्परसंबंधाचे अनेक प्रयोग झाले. खेळातील पात्र आणि नालवाडीचा कातणारा यांना शेजारी उभे केले असता दोहोंवरही काही प्रकाश पडतो. तो कोणता, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(२) लोकपरंपरेतील भूमिकेचे खेळ

शेती आणि स्वयंपाक यांचे सोंग घेऊन खेळणे मराठी मुलांस नवे नाही. भातुकली हा त्याचा सर्वपरिचित नमुना होय. लहानशी चूल, पातेली, पोळपाट-लाटणे, जाते, सूप अशी संसाराची सर्व भांडीकुंडी बोटभर आकाराची घ्यावी, चुरमुरे-गूळ-शेंगदाणे यांचा ‘स्वयंपाक’ करावा, कुणी आई व्हावे, कुणी पाहुणा व्हावे, असा हा खेळ. तो बव्हंशी मुलींचा खेळ मानला गेला. त्यामागे स्वयंपाक हे स्त्रियांचे काम या समजुतीचेच शिक्षण होते, हे विसरता येत नाही.

शेतीच्या बाजूने पाहता विदर्भात तान्हा पोळा आहे. श्रावण अमावास्येस बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी मुले आपापले लाकडी बैल सजवून मिरवीत नेतात. घरोघर त्या नंदीबैलाची पूजा होते व मुलाच्या हातावर ‘बोजारा’ म्हणून काही पैसे किंवा खाऊ ठेवला जातो. ही चाल नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आल्याचे सांगितले जाते. वर्धा जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा विशेष प्रसिद्ध आहे.

या दोन्ही खेळांत भूमिका आहे, साधनांची प्रतिकृती आहे, समाजाची मान्यता आहे. परंतु वृद्धी नाही. भातुकलीत दहा वेळा भात रांधला म्हणून अकराव्या वेळी ‘आई’चे पात्र अधिक समर्थ होत नाही. लाकडी बैल यंदा चांगला नांगरला म्हणून पुढल्या वर्षी त्याचे बळ वाढत नाही. खेळ संपला की हिशेब कोराच राहतो. मुलाच्या ठायी जी काही वाढ होते ती अनुकरणाने आणि नकळत होते. खेळाच्या नियमांत तिची नोंद नसते. आधुनिक भूमिकेच्या खेळाने जी नवी गोष्ट आणली ती हीच नोंद होय.

(३) पात्राच्या बलाचे अंकन

पात्राचे गुण अंकांत मांडण्याची पद्धत रूढ केली ती गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी रचलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या खेळाने. तो पटावर, कागद-पेन्सिल व फासे घेऊन खेळावयाचा होता. प्रत्येक पात्राला शारीरिक बल, बुद्धी, विवेक, चापल्य, सोशिकता व प्रभाव असे सहा गुण असत. आणि तीन फासे टाकून प्रत्येक गुणाचे ३ ते १८ या मर्यादेतील मूल्य ठरे. माणसाचे सामर्थ्य कागदाच्या एका पानावर आकड्यांत उतरविता येते, ही कल्पना येथून पुढे संगणकीय खेळांत गेली. संगणकाला अंक सोपे असल्याने ती तेथे स्थिरावली.

शेतीचा प्रवेश यानंतर बऱ्याच काळाने झाला. १९९६ साली जपानमध्ये यासुहिरो वादा यांच्या कल्पनेतून ‘बोकुजो मोनोगातारी’ हा खेळ निघाला. जपानबाहेर तो ‘हार्व्हेस्ट मून’ या नावाने ओळखला गेला. त्यात खेळणाऱ्याकडे पडीक शेत येते आणि अडीच वर्षांच्या मुदतीत ते त्याला नांदते करावयाचे असते. याच परंपरेतून पुढे २००६ साली ‘रून फॅक्टरी’ ही मालिका सुरू झाली. तिच्यात शेती व युद्ध ही दोन्ही अंगे एकत्र आली. तिच्या चौथ्या भागात (२०१२) तर चालणे आणि झोपणे यांचीही कौशल्ये आहेत आणि तीही वाढतात.

नियमांचे नेमके स्वरूप कळण्यासाठी एक उदाहरण सविस्तर पाहणे उपयुक्त होईल. एरिक बॅरोन या एकट्या अमेरिकन तरुणाने सुमारे चार वर्षे खपून तयार केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाचे चार ऋतू असून प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा आहे. पात्राला आरंभी २७० एकक शक्ती दिलेली असते. कुदळीचा एक घाव किंवा झारीने एका वाफ्याला दिलेले पाणी यास सुरुवातीला २ एकक शक्ती लागते. पिके काढीत गेले की शेतीचे कौशल्य वाढते. त्याच्या दहा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीगणिक एका कृतीस लागणारी शक्ती एक दशांश एककाने कमी होते. म्हणजे दहाव्या पायरीवर पोचलेल्या पात्राला तेच काम १ एककात, निम्म्या शक्तीत करता येते. पार्सनिप या कंदाचे बी २० नाण्यांस मिळते, चार दिवसांत ते तयार होते आणि साधा कंद ३५ नाण्यांस विकला जातो. पाणी द्यावयास विसरल्यास त्या दिवसाची वाढ थांबते; ऋतू पालटला की त्या ऋतूची पिके मरतात. खेळातल्या शेतकऱ्याचे संकट बहुतेक एवढेच.

(४) अन्नाचे बल

या खेळांत स्वयंपाकाचे कार्य दुहेरी असते. पहिले कार्य श्रमाने खर्च झालेली शक्ती भरून काढण्याचे. दुसरे कार्य अधिक लक्षणीय आहे. विशिष्ट पदार्थ खाल्ला असता पात्राचा विशिष्ट गुण काही काळापुरता वाढतो. ‘स्टारड्यू व्हॅली’त ऑम्लेट व पार्सनिप यांपासून ‘शेतकऱ्याचे जेवण’ नावाचा पदार्थ होतो. तो खाल्ल्यावर काही मिनिटे शेतीचे कौशल्य तीन पायऱ्यांनी वर जाते. म्हणजे शेतातून पीक, पिकातून जेवण, जेवणातून शेतीचे कौशल्य आणि कौशल्यातून अधिक चांगले पीक, असे एक चक्र पुरे होते. हे चक्र सुरू होण्यापूर्वी पात्राला घरात स्वयंपाकघर बांधावे लागते व त्यास १०,००० नाणी व ४५० लाकडे लागतात. चूल ही भांडवली वस्तू आहे, एवढे अर्थशास्त्र खेळाने मान्य केले आहे.

‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या २०१७ च्या खेळात नायक शेती करीत नाही. तो रानातून जिन्नस गोळा करतो आणि एका वेळी पाचपर्यंत जिन्नस भांड्यात टाकून शिजवतो. झणझणीत मिरची घातली तर थंडी बाधत नाही, असे तेथील नियम खेळणाऱ्याला स्वतः करून पाहून शोधावे लागतात. पदार्थाच्या गुणधर्मावरून अनुमान काढणे हा त्यात पाककौशल्याचा गाभा आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा खेळ मात्र ‘साकुना : ऑफ राइस अँड रुइन’ हा होय. ‘एडेलवाइस’ या अगदी लहान जपानी मंडळाने रचलेला हा खेळ २०२० च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. त्यातील नायिका साकुना ही सुगीची देवता आहे. स्वर्गातून घालवून दिल्यामुळे ती राक्षसांच्या बेटावर येऊन पडते. शत्रू मारल्याने तिचे मूळ बल वाढत नाही. ते वाढते वर्षातून एकदा, भाताच्या सुगीला. नांगरणी, बियाण्याची निवड, रोपे, लावणी, पाण्याची पातळी, खत, निंदणी, कापणी, वाळवणी, मळणी व सडणे या सर्व पायऱ्या खेळणाऱ्याने स्वतः पार पाडावयाच्या. आणि त्या वर्षीच्या भाताची चव, सुगंध, रूप इत्यादी गुण जसे उतरतील तसे नायिकेचे निरनिराळे गुण वाढावयाचे. रात्री सर्वांनी मिळून घेतलेल्या जेवणाचा परिणाम दुसऱ्या दिवशी टिकतो.

येथे एक उद्बोधक गोष्ट घडली. खेळ निघाल्यावर उत्तम भात कसे पिकवावे याचा शोध घेत खेळणारे जपानच्या कृषिमंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या भातशेतीविषयक माहितीकडे वळले आणि तिचा मार्गदर्शिकेसारखा उपयोग करू लागले, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. बियाणे द्रवात टाकून तरंगणारे हलके दाणे वेगळे करणे ही खेळातील एक कृती आहे. महाराष्ट्रात भाताच्या बियाण्यास तीन टक्के मिठाच्या द्रावणाची जी प्रक्रिया शिफारशीत सांगितली जाते, तिचे तत्त्व हेच आहे. भंडारा-गोंदियाचा शेतकरी हा खेळ पाहील तर ती कृती त्याला परकी वाटणार नाही.

(५) नालवाडी व सेवाग्राम : खऱ्या श्रमाचा हिशेब

आता वर्ध्याकडे वळावे. विनोबा भावे १९२१ साली वर्ध्यास आले व १९३२ च्या अखेरीस नालवाडीत राहावयास गेले. श्रम व अन्न यांचा संबंध त्यांच्या आश्रमजीवनात अगदी पहिल्या दिवसापासून होता. १९१६ च्या जूनमध्ये अहमदाबादेजवळील कोचरब आश्रमात ते गांधीजींस प्रथम भेटले, तेव्हा गांधीजी भाजी चिरीत होते आणि त्यांनी विनोबांच्याही हाती विळी-सुरीचे काम दिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

नालवाडीत विनोबांनी १९३५ च्या सुमारास जो प्रयोग केला तो आपल्या विषयाच्या मर्माशी भिडणारा आहे. कातणाऱ्याला मिळणाऱ्या मजुरीत माणूस जगू शकतो काय, हा प्रश्न तेव्हा खादीच्या क्षेत्रात ऐरणीवर होता. दिवसभर कातून मिळालेल्या मजुरीत जेवढे बसेल तेवढाच आहार घ्यावयाचा, असे विनोबांनी ठरविले. सूत मोजावयाचे, मजुरी मांडावयाची, तीत कोणते अन्न किती बसते हे पाहावयाचे आणि त्या अन्नावर शरीर कितपत चालते हे अनुभवावयाचे. श्रम, मजुरी, अन्न व बल ही चार पदे असलेले हे समीकरण खेळातील समीकरणासारखेच दिसते. भेद एवढाच, आणि तो मोठा आहे, की येथे समीकरण सुटत नाही असे आढळले तर उपासमार पात्राची नव्हे, हिशेब मांडणाऱ्याची होणार होती. दर चुकीचा आहे हे सिद्ध करण्याचा तो मार्ग होता. आणि कातणाऱ्यास निर्वाहापुरती मजुरी मिळाली पाहिजे हा विचार त्याच काळात चरखा संघानेही स्वीकारला.

याच वर्षी मगनवाडीत गांधीजींचे आहारविषयक प्रयोग चालू होते. हातसडीचा तांदूळ, गूळ, हिरवा पाला, सोयाबीन यांची तेथे परीक्षा होई. १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य जे. सी. कुमारप्पा तेथूनच पाहत असत.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रम समिती नेमण्यात आली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, प्रा. के. टी. शहा, ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी हे तिचे सभासद होते. समितीने सुचविलेले वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. रोजच्या साडेपाच तासांपैकी मूलोद्योगास ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे. मातृभाषेस ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांस ३० मिनिटे. व्यायामास १० आणि सुट्टीस १० मिनिटे. एकूण वेळाचा सुमारे तीन-पंचमांश भाग श्रमाकडे गेला. सुचविलेल्या मूलोद्योगांत कताई-विणाई, सुतारकाम व चामड्याचे काम यांच्या जोडीस शेती आणि फळे-भाजीपाल्याची बागायत ही होती.

मूलोद्योगातून इतर विषय शिकवावयाचे, या तत्त्वास ‘समवाय’ असे नाव मिळाले. वाफ्याची लांबी-रुंदी मोजताना क्षेत्रफळ यावे, खत तयार करताना रसायनाची ओळख व्हावी, पिकाच्या उत्पन्नातून खर्च वजा करताना वजाबाकी व प्रमाण यावे. हिंदुस्तानी तालीमी संघाने सेवाग्रामला जी शाळा व पुढे १९४५ नंतर जे उत्तर-बुनियादी शिक्षण चालविले, त्यात स्वयंपाकघरही शिक्षणाचे दालन झाले. विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रांधावे, शेतातून किती भाजी आली व कोठीतून किती धान्य गेले याची नोंद ठेवावी, आहार समतोल आहे की नाही ते पाहावे आणि खर्चाचा मेळ घालावा, अशी पद्धत होती. मुलगे व मुली दोघांनीही चुलीपाशी बसावयाचे असल्यामुळे भातुकलीने आखलेली रेषा येथे पुसली गेली.

(६) तुलना

वरील दोन्ही व्यवस्थांत श्रम, अन्न व बल यांची साखळी आहे. दोन्हींत वृद्धी क्रमाने होते. दोन्हींत नोंद आहे. असे असता दोहोंतील भेद कोठे शोधावा? सामान्यतः असे उत्तर दिले जाते की, एक खोटे आहे व दुसरे खरे. हे उत्तर अपुरे आहे. शाळेची बागही एका अर्थी लुटुपुटूचीच असते. तीत पीक बुडाले तर शाळा उपाशी राहत नाही. उलट, खेळणाऱ्याने भाताविषयी मिळविलेली माहिती खोटी नसते. भेद तीन ठिकाणी शोधावा लागतो.

पहिला भेद हिशेब कोण करतो यात आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’त पिकाची वाढ, कौशल्याची पायरी व खर्च होणारी शक्ती यांचा हिशेब यंत्र करते, खेळणाऱ्यास उत्तर तयार मिळते. कोणते पीक फायद्याचे हे तो स्वतः मांडून पाहू शकतो; पण त्यावाचून त्याचे अडत नाही. समवायात हिशेब हेच मुलाचे काम होते. मोजमाप चुकले तर पुढचा वाफा चुके. विनोबांच्या प्रयोगात तर हिशेबावाचून प्रयोगच उरत नव्हता. शिक्षण श्रमात आपोआप साठत नाही. श्रमाचा अर्थ लावण्याचे काम ज्याच्याकडे असते त्याच्या ठायी ते साठते. सेवाग्रामच्या पद्धतीचे बलस्थान येथे होते, आणि तिचे ठिसूळपणही येथेच होते. कारण पुढे अनेक ठिकाणच्या बुनियादी शाळांत समवाय गळून गेला व नुसती टकळी उरली. तेव्हा मूल श्रम करीत होते, पण हिशेब दुसरेच कोणी करीत होते. अशा शाळेतील मुलाची स्थिती खेळातील पात्रापेक्षा फारशी निराळी म्हणता येत नाही.

दुसरा भेद दराच्या निश्चितीचा. खेळातील शेतीत श्रम व फळ यांचा दर ठरलेला असतो. चार दिवस पाणी घातले की कंद हमखास मिळतो. खेळणाऱ्याला मिळणारे समाधान बरेचसे या निश्चितीतून येते. वर्धा जिल्ह्याच्या शेतकऱ्याला ही निश्चिती कधी लाभलेली नाही. २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर मदतयोजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कोरडवाहू कापसाचा दर, पाऊस व कर्ज यांवर राबणाऱ्याचा काहीच अधिकार नसतो. वर्षभर राबूनही त्याची शक्ती वाढण्याऐवजी क्षीण होऊ शकते. ‘कष्ट केल्यास बळ येते’ हे खेळातील विधान नियम म्हणून खरे आहे. खऱ्या शेतीत ते दर न्याय्य असेल तरच खरे ठरते. नालवाडीच्या प्रयोगाने नेमकी हीच अट पुढे आणली होती. खेळावरून जर कोणी असा निष्कर्ष काढील की दरिद्री शेतकऱ्याचे श्रम कमी पडले, तर तो खेळाच्या नियमास निसर्गाचा नियम समजण्याची चूक करील.

तिसरा भेद बल कोणाचे वाढते यात आहे. खेळात ते पात्राचे वाढते. यंत्र बंद केले की पात्र तेथेच राहते. सेवाग्रामला ते मुलाचे वाढावे अशी अपेक्षा होती. परंतु या अपेक्षेवर परिषदेतच शंका घेतली गेली होती, हे नमूद केले पाहिजे. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा या कल्पनेवर प्रा. के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला. शाळांचा माल बाजारात आला तर तो कारागिराच्या पोटावर पाय आणील, अशी ती चिंता होती. मुलाच्या श्रमाने शाळेच्या तिजोरीचे बल वाढते की मुलाचे, असा हा प्रश्न आहे व तो आजही निकालात निघालेला नाही. याला आणखी एक बाजू आहे. ज्या जातींच्या वाट्यास पिढ्यान्‌पिढ्या मातीचे व चामड्याचेच काम आले, त्यांच्या मुलांस शाळेतही तेच काम देणे म्हणजे बल देणे असे त्यांच्या पालकांस वाटले नाही, तर त्यात नवल नाही. सर्व जातींच्या मुलांनी सर्व कामे करावीत या आग्रहाशिवाय समवायास नैतिक आधार उरत नाही. नालवाडीत चर्मालय चालविण्यामागे अशीच भूमिका होती.

(७) उपसंहार

या विवेचनातून भूमिकेच्या खेळांची परीक्षा करण्यास एक कसोटी मिळते. खेळात शेती व स्वयंपाक आहेत एवढ्यावरून तो शिक्षणास उपकारक ठरत नाही. युद्ध आहे एवढ्यावरून अपकारकही ठरत नाही. नियम खेळणाऱ्याने शोधावयाचे आहेत काय, चूक झाली तर तिचे कारण त्याला हुडकावे लागते काय, आणि शोधलेला नियम खेळाबाहेरही टिकतो काय, हे पाहिले पाहिजे. या तीन प्रश्नांना ‘साकुना’ बऱ्याच अंशी होकारार्थी उत्तर देतो. म्हणूनच त्याचे खेळणारे कृषिमंत्रालयाच्या माहितीपर्यंत गेले. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चा स्वयंपाक पहिल्या दोन प्रश्नांना उतरतो, तिसऱ्याला क्वचितच. ‘स्टारड्यू व्हॅली’ या कसोटीस कमी उतरतो. विश्रांती देण्यात मात्र तो कमी नाही, आणि विश्रांती हाही खेळाचा रास्त हेतू आहे.

हीच कसोटी उलट दिशेने शाळेस लावली पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांचा काळ सुचविला असून त्यात माळी, सुतार, कुंभार इत्यादींजवळ राहून काम शिकण्याची कल्पना आहे. सेवाग्राम येथे ‘आनंद निकेतन’ ही शाळा २००५ पासून पुन्हा चालू झाली आहे आणि शेती व स्वयंपाक यांना तिच्या शिक्षणात स्थान आहे. जेथे मुलाच्या हाती कुदळ दिली जाते पण वही दिली जात नाही, जेथे वांग्याचे पीक का बुडाले हे त्याला विचारले जात नाही, आणि जेथे खिचडीत डाळ किती व का हे ठरविण्यात त्याचा भाग नसतो, तेथे मूल हे दुसऱ्याने चालविलेले पात्र होते.

विनोबांनी १९३८ साली नालवाडी सोडून पवनारला मुक्काम हलविला. तेथेच १९५० साली पैशाच्या व्यवहाराशिवाय, स्वतः विहीर खणून व जमीन खोदून भाजीपाला पिकविण्याचा ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग त्यांनी सुरू केला. पुढल्याच वर्षी ते तेलंगणात गेले व १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला. श्रमाचा हिशेब करीत गेल्यावर जमीन कोणाची हा प्रश्न पुढे उभा राहिला. खेळातील पात्राला शेत पहिल्याच दिवशी वारशाने किंवा भेटीदाखल मिळते आणि खेळ तेथून सुरू होतो. भूमिहीन मजुराच्या बाबतीत तो तेथे सुरूच होत नाही. भूमिकेच्या खेळांचा अभ्यास करणाऱ्याने पात्राच्या बलाचे आकडे पाहण्याआधी ही पहिली देणगी कोणी दिली, हे पाहणे अगत्याचे आहे.